सहा इंची बोबा फेट घ्यावा का? एक मे महिना काढल्यानंतरचं उत्तर

तुम्ही विचारलंय की स्टार वॉर्स सिनेमांतल्या चिलखतवाल्या बोबा फेटची सहा इंची फिगर, म्हणजे हातपाय हलणारी प्लास्टिकची बाहुली, साडेतीन हजारांना मिळतेय, व्हिडिओत सगळे तारीफ करतात, तर घ्यावी का. आणि सात वर्षांच्या भाच्याच्या हातात दिली तर चालेल का. तुम्ही नागपुरातच, स्लॅबखालच्या वरच्या मजल्यावर राहता हेही लिहिलंय, म्हणून एवढं लांबण लावतोय. नाहीतर "घ्या, मस्त आहे" म्हणून मोकळा झालो असतो.

ते व्हिडिओवाले डबा फोडतात, एसीत बसून अर्धा तास फिगर फिरवतात आणि दहापैकी नऊ गुण देऊन टाकतात. माझ्याकडे हाच बोबा, याच मापाचा, अधिकृत, दोन वर्षांपासून आहे. कंपनी मुद्दाम सांगत नाही, कारण पुढचं सगळं एकाच नगावरून लिहितोय. पहिला उन्हाळा येईपर्यंत माझेही नऊच गुण होते.

आधी जे खरंच सुंदर आहे ते. बोबाला चेहरा नाही, आणि घेणाऱ्याच्या दृष्टीनं यासारखं सुख नाही. लहान फिगरमध्ये सगळा घोळ डोळ्यांत होतो. बुबुळ केसभर सरकलं की नायक तिरळा. इथं टी आकाराची काळी काच आणि हेल्मेट, विषय संपला. हेल्मेटवर कपाळापाशी एक पोचा आहे. तो नुसता रंगवलेला नाही, बोट फिरवलं की खड्डा लागतो. चिलखताचा हिरवा रंग जिथं खरवडल्यासारखा दाखवलाय तिथं खालून चंदेरी दिसतो, आणि प्रत्येक खरवड वेगळी. नकली मालात नेमकं इथंच हसू येतं: सगळीकडे सारखे राखाडी ठिपके, जणू देवी आल्यात. कानापासचा अँटिना खाली-वर होतो. तो बोटानं नाही, नखानं हलवा.

सांध्यांना मी सहा गुण देईन. गुडघा आणि कोपर दोन-दोन ठिकाणी वाकतात, त्यामुळे एक गुडघा टेकून नेम धरलेली पोझ झकास येते. पण खांद्यावरचं चिलखत आडवं येतं, दोन्ही हातांनी बंदूक धरायला गेलं की डावा हात अर्ध्यावरच थांबतो. नवीन असताना उजवा गुडघा जाम होता. मी जोर लावला आणि वाकणाऱ्या जागी प्लास्टिक पांढरट पडलं. तो डाग जात नाही. नवा सांधा आधी हेअर ड्रायरनं मिनिटभर कोमट करायचा, मग हलवायचा. हे मला शंभर रुपयांच्या फिगरवर शिकता आलं असतं.

आता मे महिना. माझं शोकेस पश्चिमेच्या भिंतीला आहे. पारा पंचेचाळिसाच्या वर, दुपारभर घर बंद, कूलरही बंद. संध्याकाळी आलो तर बोबा पाठीवर पडलेला, सोबत खालच्या कप्प्यातले दोन गडी घेऊन. झालं असं की पाठीवरच्या जेटपॅकचं, म्हणजे उडायच्या यंत्राचं, वजन मागं ओढतं, आणि उकाड्यानं मऊ झालेले घोटे हळूहळू मागं झुकत गेले. बंदुकीची नळी कप्प्याच्या कडेला टेकली होती, ती शेवग्याच्या शेंगेसारखी वाकली होती. आमची आई म्हणाली, "बाप्पा, याला पण ऊन लागलं का रे?"

यात कंपनीचा फार दोष आहे असं मला वाटत नाही. अशा फिगरमध्ये धडासारखे कडक भाग बहुधा एबीएस नावाच्या टणक प्लास्टिकचे असतात आणि बंदूक, पट्टा, पंजे असे लवचीक भाग मऊ पीव्हीसीचे. पीव्हीसी मुळात कडक असतं. त्याला मऊ करायला प्लास्टिसायझर नावाचं तेलकट रसायन मिसळतात. उष्णतेत ते अजून मऊ होतं आणि वर्षं गेली की हेच रसायन पृष्ठभागावर पाझरायला लागतं. जुन्या फिगर हाताला चिकट लागतात त्या यामुळे. त्यावर आपल्याकडची लूची धूळ बसली की तपकिरी थर जमतो, आणि तो कोरड्या कपड्यानं निघत नाही. भांड्याच्या साबणाचा एक थेंब, कोमट पाणी, मऊ टूथब्रश. थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर चुकूनही नाही, रंगाबरोबर प्लास्टिकही विरघळेल.

वाकलेली बंदूक मात्र वाचते. उकळी फुटायच्या आधीचं गरम पाणी स्टीलच्या जुन्या पेल्यात घ्या (चहाच्या पातेल्यात घेऊ नका, मी बोलणी खाल्लीत) आणि बंदूक अर्धा मिनिट बुडवा. साच्यातून निघतानाचा आकार त्या प्लास्टिकला आठवत असावा, कारण ती पाण्यातच आपली आपण सरळ व्हायला लागते. राहिलेला बाक चिमटीनं काढायचा आणि लगेच गार पाण्यात धरायची. फ्रीजमधलं नको, माठातलं पाणी पुरतं. माझी नळी आता नव्वद टक्के सरळ आहे. घोट्यांवर हा उपाय केला नाही. त्याला पारदर्शक स्टँड दिला, खुंटी तळपायाच्या छिद्रात बसते. आपल्या बर्डीच्या बाजारात स्टेशनरीच्या दुकानात पोस्टर चिकटवायचा निळा लगदा मिळतो, त्याचा हरभऱ्याएवढा गोळा तळव्याखाली लावला तरी भागतं.

कूलरबद्दल कुणी बोलत नाही, कारण व्हिडिओ करणाऱ्यांकडे कूलर नसतो. फिगरला त्याच्या दमट वाऱ्यानं फरक पडत नाही, डब्याला पडतो. माझ्या डब्याचा पुठ्ठा जूनपर्यंत पापडासारखा लहरी झाला. डबा जपून पुढं विकायचा विचार असेल तर तो कूलरच्या खोलीत ठेवू नका. विकायचा नसेल तर फिगर बाहेर काढून मोकळ्या हवेत ठेवा, बंद डब्यात चिकटपणा वाढतो.

किमतीचं म्हणाल तर साडेतीन हजार ऐकून मी आधी सावध झालो असतो. खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७०, म्हणजे बाहेरून रीतसर आलेला माल महागच पडतो. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. तेव्हा विक्रेत्याकडे डब्याच्या मागच्या बाजूचा फोटो मागा आणि आयातदाराचं नाव, छापील किंमत आणि ते चिन्ह शोधा. काहीच नसेल तर माल कुणाच्या तरी बॅगेतून आलाय किंवा फर्स्ट कॉपी आहे. मला एकदा एकानं "ओरिजिनल, फक्त डबा दबलाय" म्हणून जो बोबा पाठवला त्याला रॉकेलसारखा वास होता आणि दोन्ही पंजे डावे होते.

आता भाचा. इथं एक जुनी गोष्ट सांगतो, कारण ती याच बोबाची आहे. १९७९ मध्ये केनर या अमेरिकी कंपनीनं पावणेचार इंची बोबा फेट जाहीर केला, तेव्हा तो ज्या सिनेमात येणार होता तो लागायला अजून वर्ष होतं. चार फिगरच्या खरेदीचे पुरावे डाकेनं पाठवा आणि बोबा फुकट घ्या, अशी योजना. जाहिरातीत होतं की पाठीवरचं रॉकेट स्प्रिंगनं उडतं. पण लहान मुलांच्या घशात असे तुकडे अडकण्याची धास्ती तेव्हा ताजी होती, म्हणून पोरांच्या घरी जो बोबा पोचला त्याचं रॉकेट पक्कं चिकटवलेलं होतं. उडणाऱ्या रॉकेटचे मोजके नमुने तेवढे मागं राहिले, आणि त्यातला एक २०२४ मध्ये लिलावात ५ लाख २५ हजार डॉलरला गेला. पोरांना न दिलेलं खेळणं एवढ्याला जातं, म्हणा.

म्हणजे तुमच्या भाच्याचं उत्तर: तुम्ही समोर बसला असाल तर हातात द्या, पण कमरेचं छोटं पिस्तूल आधी काढून डबीत ठेवा. पेरभर लांबीचं आहे, हरवेल किंवा तोंडात जाईल. घरात त्याच्याहून लहान कुणी रांगत असेल तर अजिबात नको. आणि हे खेळणं म्हणून विकलं जात असलं तरी त्याचा जीव शोभेच्या वस्तूचा आहे. खेळायचंच असेल तर आमच्या पोराचा तान्ह्या पोळ्याचा (आपल्याकडचा लहान मुलांचा पोळा) लाकडी नंदी बघा, बारा वर्षांत एक चाक गेलं तेवढंच. गल्लीभर ओढलाय त्याला.

तर घ्यावा का? डबा खरा निघाला आणि शोकेस पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या भिंतीला असेल तर घ्या. एका उन्हाळ्यानंतर माझे गुण सात. दोन कापले ते घोट्यांचे. आईचे गुण वेगळे आहेत. ती धूळ पुसताना दर वेळी त्याला भिंतीकडं तोंड करून ठेवते, "आल्यागेल्यावर बंदूक रोखून कशाला उभा पाहिजे?" त्यामुळे आमच्याकडे पाहुण्यांना जेटपॅकच दिसतं. सुदैवानं त्याचं रंगकाम चांगलं आहे.

आणि आत्ता मागवू नका. डिलिव्हरीच्या बंद गाडीत मे महिन्याची एक दुपार माझ्या शोकेसपेक्षा वाईट. दिवाळीनंतर मागवा.