कडी-कोयंडा, अडसर आणि शाळेचे दार

जुन्या शाळा-इमारतींविषयी मराठीत लिहिताना दाराच्या सर्व लोखंडी-पितळी साहित्याला सरसकट ‘कडी-कोयंडा’ म्हणावे काय, असा प्रश्न आला आहे. माझे उत्तर नकारार्थी आहे. दार कोण आणि कोणत्या बाजूने बंद करू शकत होते, हे या साहित्यातूनच कळते आणि सरसकट शब्द वापरल्यास नेमकी हीच माहिती हरवते.

कडी दाराच्या फळीवर असते. ती चौकटीतल्या ज्या अर्धगोल आकड्यात अडकते आणि ज्यातून कुलूप घालतात, तो कोयंडा. अडसर म्हणजे दारामागे आडवा सरकवायचा लाकडी दांडा. तो आतूनच लागत असल्यामुळे, मुख्य दारालगतच्या भिंतीत अडसराचे खोल भोक सापडले, तर त्या वास्तूत रात्री कोणी राहत असावे किंवा बाहेर पडायला दुसरे दार असावे, असे अनुमान काढता येते. शाळा मुळात कुणाचा वाडा होती की वसतिगृह, या शोधाची सुरुवात अशा भोकापासून होऊ शकते.

बिजागरी (हा शब्द, ‘चावी’प्रमाणेच, पोर्तुगीजांकडून आलेला) तर सर्वांत बोलकी. साध्या बिजागरीची खीळ ज्या बाजूला दिसते, त्या बाजूला दार उघडते. त्यामुळे चौकटीच्या आतल्या कडेला बुजवलेल्या खाचा आणि बाहेरच्या कडेला नव्या बिजागऱ्या दिसल्या, तर आत उघडणारे दार पुढे बाहेर उघडणारे केले गेले, असे समजावे. या बदलामागे मोठे दुःख आहे. १६ जून १८८३ रोजी इंग्लंडमधील संडरलंडच्या व्हिक्टोरिया हॉलमध्ये जिन्याच्या तळाशी १८३ मुले चेंगरून मेली. तेथील दार आत उघडणारे होते आणि एका वेळी एकच मूल जाईल एवढीच फट ठेवून ते बोल्टने अडकवलेले होते. त्यानंतर, १८९२मध्ये, रॉबर्ट अलेक्झांडर ब्रिग्ज यांनी आतून ढकलताच सुटणाऱ्या दांडीचे पेटंट घेतले. तिला आज ‘पॅनिक बार’ म्हणतात. तिला ‘कडी’ म्हणणे मला अर्थाचा विपर्यास वाटतो, कारण कडी दार अडवते, तर ही दांडी ते मोकळे करते.

मुठीही पाहाव्यात. न्यूयॉर्कच्या जुन्या शाळांतील पितळी मुठींवर ‘पब्लिक स्कूल, सिटी ऑफ न्यूयॉर्क’ अशी उठावाची अक्षरे आहेत. अशी मूठ इमारतीची मालकी सांगते.

मात्र एका वस्तूवरून इमारतीचे वय ठरवू नये. बोथट टोकाचा स्क्रू साधारणपणे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापूर्वीचा असतो, पण तो दुसऱ्या दारावरून काढून आणलेलाही असू शकतो. म्हणून वर्णनात ‘आतून अडसर, बाहेरून कडी व कोयंडा, बिजागऱ्या बदललेल्या’ असे वस्तूचे नाव आणि बाजू दोन्ही लिहावे, आणि ‘कडी-कोयंडा’ हा जोडशब्द त्या दोन वस्तूंपुरताच ठेवावा.