फाइल डिलीट केली तरी लिनक्स सर्व्हरची डिस्क १०० टक्केच का दिसते?

तुमची अडचण थोडक्यात अशी: उबुंटू सर्व्हर, ८० जीबीची डिस्क, रूटवर (म्हणजे / वर) ईएक्सटी४ फाइलसिस्टम. डिस्क भरली म्हणून ३३ जीबीची ॲप.लॉग फाइल आरएमने उडवली. फाइल गेली, पण डीएफ अजून ७८ पैकी ७४ जीबी वापरात आणि शिल्लक शून्य म्हणतंय, आणि डीयूची बेरीज मात्र जेमतेम ४१ जीबी भरतेय. जावाचं ॲप दिवसा बंद ठेवता येत नाही, म्हणून रीस्टार्ट न करता जागा सोडवायची आहे.

होईल. तोवर आणखी काही डिलीट करू नका, चालू लॉगला तर आरएम लावूच नका. (कमांडी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत; टर्मिनलवर नेहमीसारख्या रोमन अक्षरांत टाका; एका हायफननंतरची अक्षरं लहान लिपीतली.)

डीएफ थेट फाइलसिस्टमला विचारतं की किती ब्लॉक अडलेत. डीयू एकेका फोल्डरमध्ये शिरून जी नावं दिसतील त्यांच्या फाइलींचा आकार मिळवत जातं. आरएमने जातं ते फक्त नाव. डेटाचे ब्लॉक आयनोडच्या (फाइलसिस्टममधल्या त्या फाइलच्या नोंदीच्या) ताब्यात असतात, आणि ते सुटायचे तर त्या आयनोडचं एकही नाव उरलेलं नसावं आणि कुठल्याही प्रोसेसने ती फाइल उघडी धरलेली नसावी. तुमच्याकडे नाव गेलंय, पण जावाने फाइल सोडलेली नाही. डीयूला ती दिसत नाही, डीएफला दिसते, आणि दोघांतला ३३ जीबीचा फरक नेमका तोच आहे. इथून तिथून दोन-तीन जीबी मोकळे केलेत तर तेही जावा याच बिननावाच्या फाइलमध्ये लिहून संपवेल.

आधी खात्री करा:

सुडो एलएसओएफ +एल१

अधिक चिन्ह, मोठं एल आणि एकचा आकडा, मध्ये जागा न सोडता. नाव उडालेल्या पण अजून उघड्या असलेल्या फाइलींची यादी येते. तुमची ओळ साधारण अशी दिसेल:

जावा १८४२ ॲपयूझर ४डब्ल्यू आरईजी २५३,० ३५४३३४८०१९२ ० ५२४३०१ /व्हार/लॉग/ॲप/ॲप.लॉग (डिलीटेड)

यातला १८४२ हा पीआयडी, म्हणजे प्रोसेसचा क्रमांक. ४डब्ल्यू म्हणजे फाइल डिस्क्रिप्टर (प्रोसेसच्या उघड्या फाइलचा क्रमांक) ४, फक्त लिहिण्यासाठी उघडलेला. लांबलचक आकडा बाइटमध्ये आहे. १०२४ने तीनदा भागलात की ३३ जीबी येतात. पुढचं शून्य म्हणजे नावांची संख्या. एकच फाइल दोन-तीन प्रोसेसच्या नावावर दिसली तर आयनोड क्रमांक ताडून बघा (इथे ५२४३०१). क्रमांक तोच असेल तर जागा एकदाच अडलेली आहे, बेरीज करू नका.

लॉगमधला मजकूर हवा असेल तर तो अजून वाचता येतो. /प्रॉक/१८४२/एफडी/४ ही वाट त्याच फाइलकडे जाते. दुसरी डिस्क जोडलेली असेल तर सीपीने तिथे उतरवून घ्या, किंवा जीझिप -सी करून एसएसएचवरून दुसऱ्या मशीनवर पाठवा. मग ट्रंकेटने फाइलचा आकार शून्य करा:

सुडो ट्रंकेट -एस ० /प्रॉक/१८४२/एफडी/४

लगेच डीएफ -एच चालवा, जागा सुटलेली दिसेल. प्रोसेस चालूच राहते, तिला काही कळतही नाही.

इथे पुष्कळजण एका गोष्टीने दचकतात. पाच मिनिटांनी पुन्हा एलएसओएफ लावलं तर तिथे ३३ जीबीचा आकडा परत दिसू शकतो. ॲपने फाइल अपेंड मोडमध्ये (दर वेळी फाइलच्या शेवटी लिहिण्यासाठी) उघडलेली नसेल तर ते आपल्या जुन्या जागेवरूनच, म्हणजे ३३ जीबीच्या खुणेपासून पुढे लिहीत राहतं. मागचा भाग पोकळ असतो, त्याला डिस्कवर ब्लॉक नसतात. डीएफचा आकडा खरा धरा.

आता सावधगिरी. त्या यादीत डेटाबेसच्याही फाइली दिसतील. मायएसक्यूएल आपल्या काही तात्पुरत्या फाइली /टीएमपीमध्ये उघडून मुद्दाम लगेच त्यांचं नाव काढून टाकतं, म्हणजे प्रोसेस बंद पडली की त्या आपोआप नाहीशा व्हाव्यात. त्यांवर ट्रंकेट चालवलंत तर चालू क्वेरी कोसळेल, कदाचित त्याहून वाईट काही होईल. डिस्क्रिप्टरपुढे डब्ल्यू आहे आणि वाट लॉगच्या फोल्डरची आहे, एवढ्यांनाच हात लावा. यू असेल तर फाइल वाचण्या-लिहिण्यासाठी उघडलेली आहे. ती लॉग नाही असंच धरून चाला.

जागा सुटली, पण लॉग अजून बिननावाच्या फाइलीत जातोय. तोवर बघायचा असेल तर टेल -एफ त्याच प्रॉकच्या वाटेवर चालतं. रात्री ॲप रीस्टार्ट करा म्हणजे नवी ॲप.लॉग तयार होईल. एन्जिनएक्ससारख्या सेवेला रीस्टार्टही लागत नाही: मास्टर प्रोसेसला यूएसआर१ सिग्नल दिला की ती लॉग नव्याने उघडते, आरसिसलॉगला त्यासाठी एचयूपी पुरतो. जावाचं आउटपुट थेट शेलमधून फाइलीत वळवलेलं असेल तर मात्र रीस्टार्टशिवाय गत्यंतर नाही.

पुढच्या वेळी मोठी लॉग दिसली तर नाव न उडवता जागच्या जागी रिकामी करा: सुडो ट्रंकेट -एस ०, पुढे फाइलची वाट. काहीजण सुडो एको लिहून पुढे बाणाचं चिन्ह लावतात आणि परमिशन डिनाइड येतं. कारण सुडो लागू होतं ते एकोला. फाइल उघडतं तुमचं शेल, आणि ते रूट (सगळे अधिकार असलेला यूझर) म्हणून चालत नसतं.

कायमचा इलाज लॉगरोटेट, म्हणजे जुनी लॉग बाजूला काढून नवी सुरू करणारं (लॉग फिरवणारं) साधन. /ईटीसी/लॉगरोटेट.डी मध्ये ॲपच्या नावाने फाइल करा आणि आत लॉगची वाट देऊन महिरपी कंसात हे शब्द एकेका ओळीवर लिहा: डेली, रोटेट ७, मॅक्ससाइझ ५००एम, कॉम्प्रेस, मिसिंगओके, नॉटिफएम्प्टी, कॉपीट्रंकेट. कॉपीट्रंकेट लॉगची नक्कल काढून मूळ फाइल रिकामी करतं, त्यामुळे ॲपला सिग्नल कळत नसला तरी चालतं. त्याच्या दोन खोडी आहेत. नक्कल संपून फाइल रिकामी होईपर्यंतच्या क्षणात आलेल्या ओळी हरवतात; हिशेबाच्या लॉगला म्हणून ते वापरू नये. आणि नकलेला तेवढीच जागा लागते, म्हणजे ३३ जीबीची लॉग आणि भरलेली डिस्क असताना ते काही कामाचं नाही. सिग्नल समजणाऱ्या सेवांना क्रिएट (नवी फाइल बनवणारं) आणि पोस्टरोटेट (नंतर सिग्नल देणारं) हीच जोडी द्यावी.

मॅक्ससाइझ लिहिलं म्हणजे ५०० एमबी झाल्या झाल्या लॉग फिरेल, हा सर्रास गैरसमज आहे. आकार तपासला जातो तो लॉगरोटेट चालतं तेव्हाच, आणि उबुंटूवर त्याचा टायमर दिवसातून एकदा असतो. तासाला पाच जीबी ओकणाऱ्या ॲपसाठी सिस्टमसीटीएल एडिट लॉगरोटेट.टायमर करून टायमर विभागात आधी रिकामं ऑनकॅलेंडर= आणि खाली ऑनकॅलेंडर=आवरली लिहा. रिकामी ओळ विसरलात तर जुनी वेळ तशीच राहून नवी तिच्यात भर पडते. लॉगरोटेट -डी देऊन, पुढे कॉन्फिगची वाट लिहून, एकदा कोरडी तालीम घ्या. त्यात काहीच बदलत नाही, फक्त काय केलं असतं ते कळतं. लॉगचं फोल्डर रूटखेरीज दुसऱ्या ग्रुपला लिहिण्याजोगं असेल तर परमिशनची तक्रार करून ते फाइल सोडून देतं. तेव्हा कॉन्फिगमध्ये एसयू, पुढे यूझर आणि ग्रुपचं नाव, ही ओळ घाला.

तुमच्या आकड्यांत आणखी एक गंमत आहे. ७८मधून ७४ गेले तर ४ उरायला हवेत, मग शिल्लक शून्य कशी? ईएक्सटी४ तयार होताना ५ टक्के ब्लॉक रूट यूझरसाठी राखून ठेवले जातात. म्हणूनच रूटने फाइल करून बघितली तर होते आणि ॲपचा यूझर मात्र "नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस" ओरडत असतो. तातडीने श्वास घ्यायला जागा हवी असेल तर सुडो ट्यून२एफएस -एम १, पुढे डिव्हाइसचं नाव (फाइंडएमएनटी / केलं की सोर्सच्या रकान्यात मिळतं). चालू डिस्कवरच होतं आणि तुमच्याकडे तीनेक जीबी सुटतील. रूटच्या पार्टिशनवर शून्य करू नका, भरलेल्या डिस्कवर लॉगिन करून निस्तरायला तीच जागा उपयोगी पडते. नुसत्या डेटाच्या वेगळ्या डिस्कवर शून्य केलं तरी हरकत नाही.

एलएसओएफने काहीच दाखवलं नाही तर आधी डीयू सुडोने चालवलं होतं का ते बघा. साध्या यूझरला बंद असलेली फोल्डरं बेरजेत येतच नाहीत. सुडो डीयू -एक्सएच --मॅक्स-डेप्थ=१ / असं द्या; एक्समुळे ते दुसऱ्या डिस्कवर भटकत नाही. जर्नल (सिस्टमडीची स्वतःची लॉग) किती खातंय ते जर्नलसीटीएल --डिस्क-यूसेज सांगतं. ते कमी करताना आधी --रोटेट आणि मग --व्हॅक्यूम-साइझ=५००एम, कारण व्हॅक्यूम बंद झालेल्या फाइलीच काढतं, चालू फाइलला हात लावत नाही. डॉकर (ॲप कंटेनरमध्ये चालवणारं साधन) असेल तर जेसन-फाइल प्रकारच्या लॉगला आपणहून कसलीच मर्यादा नसते, डीमन.जेसनमध्ये मॅक्स-साइझ आणि मॅक्स-फाइल द्या. हे फक्त नव्याने बनवलेल्या कंटेनरना लागू होतं, जुने पुन्हा बनवावे लागतात.

जागा शिल्लक दिसत असूनही तोच "नो स्पेस" येत असेल तर डीएफ -आय चालवा, आयनोड संपलेत का ते कळतं. ईएक्सटी४ दर १६ केबीमागे एक आयनोड ठेवतं, म्हणजे १०० जीबीला साधारण ६५ लाख. पीएचपीच्या सेशन फाइली किंवा तुंबलेली मेलची रांग हे सहज संपवते. सुडो डीयू --आयनोड्स -एक्स / घेऊन ते सॉर्ट -एनमधून काढलं की दोषी फोल्डर तळाजवळ सापडतं. तिथे आरएम आणि तारका लावली तर "आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग" येईल. फाइंडला -टाइप एफ -एमटाइम +७ -डिलीट द्या. डिलीट नेहमी शेवटी. ते आधी लिहिलं तर पुढच्या अटी बघण्याआधीच फाइंड सगळं साफ करतं.

आणि एक लपलेली जागा. बॅकअपची डिस्क /एमएनटी/बॅकअपवर जोडता, एके रात्री ती जोडली गेली नाही, स्क्रिप्टने मुकाट्याने बॅकअप रूटवरच्या त्या फोल्डरमध्ये टाकला, दुसऱ्या दिवशी डिस्क वर जोडली गेली. खालच्या फाइली आता झाकल्या गेल्या. डीयूला दिसत नाहीत, एलएसओएफलाही नाहीत. माउंट --बाइंड / /एमएनटी/रूट करून (ते रिकामं फोल्डर आधी बनवा) आत डीयू लावा, म्हणजे सापडतील. साफ करून झालं की यूमाउंट करा. मग बॅकअपची डिस्क थोडा वेळ काढून खालच्या रिकाम्या फोल्डरला सुडो चॅटर +आय लावा आणि डिस्क परत जोडा. जोडलेली असताना काहीच फरक पडत नाही. नसेल तेव्हा रूटने चालणारी स्क्रिप्टसुद्धा "ऑपरेशन नॉट परमिटेड" म्हणून तिथेच थांबते.