जमीन ताणली जाते तिथे डोंगर वर कसे येतात, आणि ते शोधतात कसं?

पृथ्वीचं कवच ताणलं गेलं की तिरक्या भ्रंशावर, म्हणजे खडक जिथे तुटून सरकतात त्या भेगेवर, तुटतं. भ्रंशाच्या वरचा भाग घसरून खाली जातो, तिथे दरी होते. खालच्या भागावरचं ओझं हलकं झाल्याने तो उचलला जातो, तोच डोंगर. अमेरिकेतल्या नेवाडा-युटा पट्ट्यात अशा रांगाच रांगा आहेत.

१९८३ साली अमेरिकेच्याच आयडाहो राज्यात बोरा पीक या शिखराजवळ भूकंप झाला, तेव्हा हे प्रत्यक्ष मोजता आलं. पायथ्याशी काही ठिकाणी अडीच मीटरहून उंच पायरी पडली. आधीच्या सर्वेक्षणाशी ताडून पाहिलं तर दरी मीटरभर खचली होती, डोंगर मात्र जेमतेम वीसेक सेंटिमीटर चढला होता! हा फरक फार बोलका आहे: त्या भूकंपात डोंगर चढण्यापेक्षा दरीच जास्त खचली.

लाखो वर्षांचा हिशेब अ‍ॅपेटाइट खनिजात मिळतो. युरेनियमच्या विखंडनाने, म्हणजे त्याचे अणू फुटल्याने, स्फटिकात सूक्ष्म चरे पडतात, पण साधारण ११० अंश सेल्सिअसच्या वर ते बुजतात. खडक वर येऊन निवला की चरे टिकू लागतात. आम्लाने ते ठळक करून सूक्ष्मदर्शकाखाली मोजले की खडक कधी थंड झाला ते निघतं. एक सावधगिरी हवीच: नुसत्या झिजेनेही खडक थंड होतो. म्हणून पायथ्यापासून माथ्यापर्यंत नमुने घेतात आणि दरीतल्या गाळाच्या वयाशी पडताळतात.