सीडीवरून संगणकावर उतरवलेली प्रत, म्हणजे रिप, जुळत नाही? आधी नेमकं काय ताडताय ते पाहा

एकाच सीडीच्या दोन फ्लॅक (आवाज न गमावता दाबून साठवणाऱ्या) फाइल्स वेगळ्या निघाल्या की नवा माणूस हमखास धास्तावतो. टॅगमधलं गायकाचं नाव सुधारलं, कव्हरचा फोटो घातला किंवा कॉम्प्रेशन ५ वरून ८ केलं, तरी फाइल बदलते. आतला आवाज तोच राहतो. फ्लॅकच्या हेडरमध्ये, म्हणजे फाइलच्या सुरुवातीच्या माहितीत, मूळ आवाजाचा एमडी५ (त्या आवाजावरून काढलेला ओळख-आकडा) असतो. मेटाफ्लॅक या छोट्या प्रोग्रॅमने तो काढा आणि तोच ताडा.

तोही वेगळा आला तर माझा पहिला संशय ऑफसेटवर, म्हणजे ड्राइव्हचं वाचन किती सरकतं त्यावर. प्रत्येक मॉडेलचा ड्राइव्ह थोडं पुढे-मागे वाचतो: कुणाची दुरुस्ती +६ सॅम्पल (आवाजाची एकेक मोजमापं), कुणाची +६६७. सेकंदाला ४४,१०० सॅम्पल, म्हणजे ६६७ म्हणजे जेमतेम १५ मिलिसेकंद. कानाला पत्ता लागत नाही, पण चेकसम (एमडी५सारखा पडताळणीचा आकडा) पार बदलतो. ईएसी या रिप करायच्या प्रोग्रॅममध्ये हा दुरुस्तीचा आकडा रिप सुरू करण्याआधीच भरा. वेगळ्या प्रेसिंगमुळेही (त्याच अल्बमच्या सीडीच्या वेगळ्या छपाईमुळे) असा फरक पडतो. तेव्हा दोन्ही रिप बरोबर असू शकतात.

खरी काळजी करायची ती एकाच ड्राइव्हवर टेस्ट आणि कॉपीचे, म्हणजे एकच ट्रॅक दोनदा वाचून आलेले, सीआरसी (हाही एक चेकसमच) जुळले नाहीत तर. मऊ कापडाने सीडी मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल अजिबात नको. ड्राइव्हचा वाचनाचा वेग कमी करा. तरीही जमलं नाही तर ड्राइव्ह बदला, अशा वेळी फार उपयोग होतो.

जुन्या भावगीतांची एखादी सीडी अ‍ॅक्युरेटरिपमध्ये, म्हणजे इतरांच्या रिपचे चेकसम साठवणाऱ्या ऑनलाइन यादीत, सापडली नाही, तर दोन वेगळ्या मॉडेलच्या ड्राइव्हवर, ऑफसेट भरून, रिप करा. सीआरसी जुळले की निर्धास्त राहा. लॉग (रिपची नोंद) आणि क्यू शीट (ट्रॅक कुठे सुरू होतात ते सांगणारी फाइल) मात्र फाइल्सशेजारीच ठेवा.