युक्रेनमधल्या एखाद्या लहानशा गावाचा भूगोल आणि इतिहास कोणी सांगेल का?

कीवला एमबीबीएसला होतो तेव्हा सुट्टीच्या दिवशी मित्राबरोबर ज्या गावी दोनदा जाऊन आलो, त्याबद्दल सांगतो. गावाचं नाव त्रिपिल्ल्या. रशियनमध्ये त्रिपोल्ये. कीवच्या दक्षिणेला ४० किलोमीटरच्या आसपास, नीपर नदीच्या उजव्या काठावर. वस्ती तीनेक हजारांची. जायला मार्शरुत्का, म्हणजे आपली वडापच म्हणा.

नावाचा अर्थ 'तीन शेतं'. स्तुहना, क्रास्ना आणि बोब्रित्सा या तीन छोट्या नद्यांच्या दऱ्यांनी इथल्या जमिनीचे तीन तुकडे पडलेत, त्यावरून हे नाव आलं असं सांगतात. नीपरचा डावा काठ सपाट आणि उजवा उंच, टेकड्यांचा. गावाला लागूनच देविच होरा नावाची टेकडी आहे, म्हणजे 'कुमारिकेचा डोंगर'. वर चढलं की खाली नदी समुद्रासारखी पसरलेली दिसते, कारण १९७०च्या दशकात कानिव धरणाचं पाणी इथपर्यंत आलं. या पट्ट्यातली माती काळी. रंग आपल्या कापसाच्या जमिनीसारखा, पण जात वेगळी: आपली बेसाल्ट झिजून झाली, तिकडची गवताची मुळं हजारो वर्षं कुजून.

जुन्या इतिवृत्तात गाव येतं ते १०९३ साली, तेही पराभवामुळे. कीवच्या राजपुत्रांनी पुराने फुगलेली स्तुहना ओलांडून पोलोव्त्सी या भटक्या घोडेस्वार टोळ्यांना अंगावर घेतलं आणि मार खाल्ला. पळताना तरुण रोस्तिस्लाव नदीत बुडाला. त्याला धरायला गेलेला सावत्र भाऊ व्लादिमिर मोनोमाखही बुडता बुडता वाचला. हाच मोनोमाख पुढे कीवचा मोठा राजा झाला. स्तुहनेच्या बाजूने जुने मातीचे तट आहेत, त्यांना 'सापाचे तट' म्हणतात. लोहाराने अजस्र सापाला नांगराला जुंपलं आणि त्याने जी सरी काढली तीच हे तट, अशी कथा आहे.

आता खरी गंमत. विकेंती ख्वोइका नावाचा एक चेक माणूस कीवमध्ये राहायचा. पेशाने चित्रकलेचा मास्तर, पुरातत्त्व स्वतःच शिकलेला. १८९६-९७मध्ये त्याने या गावाजवळ खणलं आणि भाजलेल्या मातीचे मोठमोठे थर आणि रंगीत भांडी निघाली. इ.स.पू. सुमारे ५००० ते ३००० या काळातल्या त्या शेतकरी संस्कृतीला पुढे याच गावाचं नाव मिळालं. खरं तर तीच संस्कृती रोमानियात कुकुतेनीला १८८४मध्येच सापडली होती, म्हणून पुस्तकांत दोन्ही नावं जोडून येतात.

ख्वोइकाला वाटलं, हे थर म्हणजे मेलेल्यांसाठी बांधलेल्या वास्तू. १९३०च्या दशकात शेजारच्या खालेप्या गावाजवळ पद्धतशीर खोदकाम झालं तेव्हा कळलं, ही साधी राहती घरं होती, जळलेली. आणि चुकून नव्हे. अशा जळालेल्या घरांच्या वस्त्या इतक्या ठिकाणी सापडल्यात की लोक आपलं घर स्वतःच पेटवून देत असावेत, असं बरेच संशोधक मानतात. का, यावर अजून भांडणं चालू आहेत. जवळच्या चेरकासी प्रांतात तलियांकी इथे याच लोकांची ३०० हेक्टरांहून मोठी वस्ती सापडली आहे.

पुढचं थोडक्यात: १९१९च्या यादवीत इथलाच अतामान, म्हणजे सशस्त्र टोळीचा म्होरक्या, झेलेनी याने कीवहून आलेल्या तरुण कम्युनिस्टांची तुकडी कापून काढली, १९३८मध्ये सोव्हिएत सरकारने त्यांचा स्तंभ उभारला. बाजूला उक्राइन्का हे शहर वसलं ते औष्णिक वीजकेंद्रासाठी. केंद्राला नाव मात्र त्रिपिल्ल्याचंच. ११ एप्रिल २०२४ला रशियन क्षेपणास्त्रांनी ते उद्ध्वस्त केलं. तुम्ही हे नाव बातम्यांत वाचलं असेल तर ते यामुळेच.

कधी जाणं झालंच तर गावातलं संग्रहालय चुकवू नका. तिथे दुर्बिणीसारखी भांडी आहेत: दोन नळ्या शेजारी जोडलेल्या, वर-खाली तोंड पसरलेलं, अंगावर लाल-काळे गोल फिरणारे पट्टे, आणि तळ नाही. त्यात काही ठेवताच येत नाही. तिथल्या मावशींना विचारलं, तर म्हणाल्या कोणी ढोल म्हणतं, कोणी पावसाचा विधी. माझ्या मित्राचं मत मात्र ठाम होतं: पोरांनी कुंभाराला त्रास दिला असणार, त्यांच्यासाठी केलेलं खेळणं.