पेशीची ‘आत्महत्या’ की पानगळ?

प्रश्न असा आलाय: शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मराठी फलक लिहिताना ‘सॅल्मोनेला जंतू आत शिरला की भक्षक पेशी आत्महत्या करते’ असं वाक्य झालंय (भक्षक पेशी म्हणजे शरीरातली जंतू गिळणारी पेशी). ‘आत्महत्या’ चालेल का? शिवाय मूळ मजकुरात पेशीच्या मरणाला ॲपॉप्टोसिस आणि पायरॉप्टोसिस असे दोन वेगळे शब्द आहेत, त्यांना मराठीत काय म्हणायचं?

‘आत्महत्या’ मी तरी लिहिणार नाही. गोहत्या, ब्रह्महत्या, भ्रूणहत्या, ‘हत्या’ लागली की पाप चिकटलंच. शिवाय या शब्दात वैताग, निराशा असं बरंच काही दडलेलं असतं, आणि पेशीला मन नसतं. अर्थाच्या बाजूने ‘आत्मघाती’ जवळचा आहे, पण तो शब्द वर्तमानपत्रांनी बॉम्बवाल्यांना देऊन टाकला. साधा ‘पेशीमृत्यू’ घ्या. (हिंदी मजकूर समोर ठेवून लिहिणाऱ्यांनी एक जपावं: आपल्याकडे ‘पेशी’ म्हणजे हिंदीतली ‘कोशिका’. हिंदीतली ‘पेशी’ म्हणजे आपला ‘स्नायू’.)

आता ते दोन शब्द. ॲपॉप्टोसिस हा १९७२ साली केर, वायली आणि करी या तिघा शास्त्रज्ञांनी रूढ केला आणि तो त्यांना सुचवला ॲबर्डीनच्या ग्रीकच्या प्राध्यापकांनी. अर्थ झाडाची पानं किंवा फुलाच्या पाकळ्या गळून पडणं. दुसऱ्या ‘प’चा उच्चार करू नका, असंही त्या तिघांनी निबंधातच सांगून ठेवलं होतं, ते फारसं कुणी ऐकलं नाही. यातला ‘ॲपो’ म्हणजे आपला ‘अप’, आणि ‘प्टोसिस’ संस्कृत ‘पत्’चा चुलतभाऊ. त्याच ‘पत्’पासून प्राकृतातून आपलं ‘पडणं’ आलं. डोळ्यांचे डॉक्टर लोंबणाऱ्या पापणीला ‘टोसिस’ म्हणतात, तोही हाच. म्हणजे शब्द परका वाटला तरी घरचाच, आणि ‘पानगळ’ त्याला तंतोतंत बसतो. पेशी आक्रसते, तिचे बंद पुडक्यांसारखे तुकडे होतात, शेजारच्या पेशी ते गिळून टाकतात. ना आवाज ना आरडाओरडा. गर्भात हाताची बोटं सुटी होतात, ती मधल्या पडद्याची अशी पानगळ होऊनच.

पायरॉप्टोसिस याच्या अगदी उलट. ‘पायरो’ म्हणजे आग, ताप. सॅल्मोनेलासारखा जंतू भक्षक पेशीने गिळला तरी तो मरेलच असं नाही, उलट तिच्या पोटातच बिऱ्हाड थाटतो. हे पेशीतल्या पहारेकरी प्रथिनांना कळलं की कॅस्पेज-१ नावाचं विकर (एन्झाइम) जागं होतं आणि गॅसडर्मिन-डी या प्रथिनाचे दोन तुकडे करतं. त्यातला एक तुकडा पेशीच्या आवरणात भोकं पाडतो. पेशी फुगते, फुटते. जंतूचं बिऱ्हाड मोडतं आणि बऱ्याचदा तो त्या मढ्यातच अडकून पडतो. मग न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशी येऊन मढ्यासकट त्याला खातात. त्याच भोकांतून इंटरल्यूकिन-१ हे निरोप्या प्रथिन बाहेर पडतं, त्यामुळे आजूबाजूला सूज येते आणि आपल्या अंगात कणकण भरते. गॅसडर्मिनचं हे काम २०१५ साली उघड झालं. ते प्रथिन नसलेले उंदीर जंतूंच्या विषाचा एरवी जीवघेणा ठरणारा डोस देऊनही वाचतात. म्हणजे ही आग हाताबाहेर गेली की घरच जाळते.

नावाने किती फरक पडतो ते पाहा. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये झिखलिन्स्की आणि सहकाऱ्यांनी १९९२ साली शिगेला या हगवणीच्या जंतूमुळे भक्षक पेशी मरताना पाहिल्या, तेव्हा त्यांनीही याला ॲपॉप्टोसिसच म्हटलं होतं. सॅल्मोनेलावर काम करणाऱ्या कुकसन आणि ब्रेनन यांनी २००१ साली ‘पायरॉप्टोसिस’ हा वेगळा शब्द काढला, तेव्हा कुठे दोन मरणं निराळी झाली. तुमच्या फलकावर दोन्ही ‘आत्महत्या’ झाल्या तर आपण पुन्हा १९९२मध्ये.

मराठी शब्द घडवताना माझ्या मनात आधी ‘दाहपात’ आला. दिसायला ऐटदार. पण उल्कापात म्हणजे उल्केचं पडणं, गर्भपात म्हणजे गर्भाचं. त्या चालीने दाहपात म्हणजे दाह उतरणं, नेमका उलटा अर्थ! ‘दाहमृत्यू’ वाचून स्टोव्हचा भडका आठवतो. ‘दाहक पेशीमृत्यू’ मात्र चालेल: दाह घडवणारा मृत्यू. आंत्रपुच्छदाहातला (अपेंडिसायटिस) ‘दाह’ तोच, त्यामुळे वैद्यकातही खपून जाईल.

तिसरं एक मरण तुम्ही विचारलेलं नाही, पण ‘नेटोसिस’ फलकावर येईलच. न्यूट्रोफिल मरताना आपलाच डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकते आणि त्यात जंतू चिकटतात. या जाळ्याचा शोध २००४ साली बर्लिनमधून जाहीर झाला, आणि त्या गटातही झिखलिन्स्की होतेच. त्याला ‘जाळेमृत्यू’ वगैरे करू नका, ‘पेशी जाळं टाकून मरते’ असं सरळ लिहा. आजी गळवाला पोटीस बांधून ‘पिकू दे’ म्हणायची, तेव्हा आत जमणारा पू हा बहुतांशी मेलेल्या न्यूट्रोफिलचाच ढीग. हा ‘पू’ आणि लॅटिन ‘पस’सुद्धा एकाच मुळाचे.

तर तुमचं वाक्य असं करा: ‘सॅल्मोनेला आत लपला की भक्षक पेशी स्वतःला फोडून घेते, या दाहक पेशीमृत्यूला पायरॉप्टोसिस म्हणतात.’ फलकात जागा उरली तर बाजूला एक गळून पडणारं पान काढा, ॲपॉप्टोसिससाठी.