शेवटच्या महिन्यांतील पायांची सूज: काय करावे आणि कधी थांबून राहू नये

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गर्भारपणाचा 33वा आठवडा सुरू आहे, पहिलीच खेप आहे, काम दिवसभर खुर्चीत बसून करायचे आहे आणि संध्याकाळपर्यंत दोन्ही पावले व घोटे इतके सुजतात की सँडलचा पट्टा लागत नाही, सकाळी उठल्यावर मात्र सूज बरीच उतरलेली असते. घरातले कोणी मीठ बंद करायला सांगते, कोणी पाणी कमी प्यायला, आणि एका परिचितांनी लघवी जास्त होण्याची गोळी सुचवली आहे.

त्या गोळीपासूनच सुरुवात करते. ती स्वतःच्या मनाने अजिबात घेऊ नका. गर्भारपणात वाढलेले रक्ताचे प्रमाण वारेकडे पुरेसा रक्तपुरवठा व्हावा यासाठी वाढलेले असते, आणि अशा गोळ्या नेमके तेच कमी करतात. एखाद्या हृदयविकारात वगैरे डॉक्टर त्या देतातही, पण तो निर्णय त्यांचा असतो आणि घोट्यांच्या नेहमीच्या सुजेसाठी त्या दिल्या जात नाहीत. मी डॉक्टर नाही. दोन्ही खेपांना माझे पाय सुजले होते, आणि त्या काळात तपासणीच्या वेळी विचारून, वाचून व करून पाहून जे समजले ते लिहीत आहे.

तुम्ही सांगितलेली सूज, म्हणजे दोन्ही पायांना साधारण सारखी, दिवसभरात वाढणारी आणि रात्रभर आडवे झाल्यावर उतरणारी, ही शेवटच्या तिमाहीत बहुतेकींना कमी-अधिक प्रमाणात येते. या काळापर्यंत रक्तातील द्रवभाग 40 ते 50 टक्क्यांनी वाढलेला असतो आणि शरीरात एकूण 6 ते 8 लिटर पाणी जास्तीचे साठते. पाण्याला रक्तवाहिन्यांत धरून ठेवणारे अल्ब्युमिन नावाचे प्रथिन या वाढलेल्या द्रवात विरळ होते, संप्रेरकांमुळे शिरांच्या भिंती सैलावतात, आणि वाढलेले गर्भाशय पायांकडून हृदयाकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरेवर दाब देते. त्यामुळे पाय खाली सोडून बसल्यावर किंवा एका जागी उभे राहिल्यावर पाणी शिरांतून झिरपून घोट्यांभोवती जमते. उष्म्यात हे आणखी वाढते.

मीठ आणि पाणी यांचे उत्तर यातच आहे. जेवणातले मीठ तोडल्याने ही सूज जात नाही आणि गर्भारपणातला रक्तदाबाचा विकारही टळत नाही. चवीपुरते मीठ असू द्यावे, पाकीटबंद खारट पदार्थ मात्र कमी करावेत. पाणी कमी प्यायल्याने सूज उतरत नाही, उलट बद्धकोष्ठता आणि लघवीचा जंतुसंसर्ग मागे लागण्याची शक्यता वाढते. तहानेप्रमाणे, लघवी फिकट रंगाची राहील इतके पाणी पीत राहा.

आता उपाय. माझे ठाम मत असे आहे की बहुतेक जणी उपाय संध्याकाळी सुरू करतात आणि तोपर्यंत उशीर झालेला असतो. जमलेले पाणी उतरवण्यापेक्षा ते जमू न देणे सोपे असते, म्हणून दिवसाची आखणी सकाळपासूनच करावी लागते. पोटरीचे स्नायू आकुंचन पावले की शिरांमधले रक्त पंपाने ढकलल्यासारखे वर जाते. खुर्चीत निश्चल बसले की हे काम थांबते. तेव्हा तासाभराने उठून दोन-तीन मिनिटे चाला, आणि बसल्या जागी पावले घोट्यातून वर-खाली करा: सुमारे 30 वेळा वर-खाली, मग प्रत्येक पाऊल 8 वेळा एका दिशेने आणि 8 वेळा उलट दिशेने गोल फिरवायचे. बैठक चालू असतानाही हे टेबलाखाली कोणाला न कळता होते. मांडीवर मांडी टाकून बसू नका, आणि खुर्चीची कड मांडीच्या मागच्या बाजूला रुतत असेल तर पावलांखाली छोटे स्टूल घ्या. लांबच्या प्रवासातही हेच करायचे. एका जागी स्थिर उभे राहणे हे बसण्याहूनही वाईट. तशी वेळ आलीच तर टाचा उचलत राहा.

कॉम्प्रेशन स्टॉकिंग्जविषयी, म्हणजे पायांवर दाब देणाऱ्या लांब घट्ट मोज्यांविषयी, जरा सविस्तर लिहिते, कारण अनेक जणी त्या एकदा वापरून कपाटात टाकतात आणि त्याचे कारण बहुधा घालण्याच्या वेळेत असते. दुपारी, पाय सुजल्यानंतर त्या चढवायला गेले की चढत नाहीत आणि चढल्या तरी असह्य होतात. सकाळी पलंगावरून पाय खाली टाकण्यापूर्वीच त्या घालायच्या. माप घ्यायचे तेही सकाळी, आणि ते घोट्याच्या सर्वांत बारीक भागाचे आणि पोटरीच्या सर्वांत जाड भागाचे. नुसत्या बुटाच्या नंबरावर घेतलेली जोडी बसेलच असे नाही. आठव्या-नवव्या महिन्यात पोटापलीकडे वाकून त्या चढवणे हीच खरी कसोटी असते. स्टॉकिंग टाचेपर्यंत उलटी करून आधी पाऊल आणि टाच नीट बसवावी, मग उरलेला भाग थोडा थोडा वर सरकवावा. हातात रबरी हातमोजे असतील तर पकड चांगली येते. वरची कड दुमडू नका, कारण दुमडलेली कड दोरीने बांधल्याप्रमाणे पाय आवळते. साध्या मोज्यांचे घट्ट इलॅस्टिक घोट्याच्या वर खोल वळ उठवते, तेही याच कारणाने टाळावे. मधुमेह किंवा पायांच्या रक्तवाहिन्यांचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच स्टॉकिंग्ज घ्या.

पाय वर ठेवून पडण्याचा सल्ला सगळेच देतात. तो योग्यच आहे, पण भिंतीला पाय लावून सपाट उताणे पडणे या दिवसांत बरे नाही, कारण गर्भाशयाचा भार नेमका त्या मोठ्या शिरेवर येतो आणि चक्कर किंवा मळमळ होऊ शकते. पाठीला उशांचा उतार देऊन अर्धवट बसा आणि पाय उंच ठेवा, किंवा कुशीवर वळून पायांखाली उशी घ्या. ती शीर शरीरात मध्यापासून किंचित उजवीकडे असल्यामुळे डावी कूस अधिक चांगली मानतात. तरी उजव्या कुशीवर झोप लागली म्हणून घाबरू नका, आणि रात्री उताणे असताना जाग आली तर फक्त वळून घ्या.

तुमच्या जवळ पोहण्याचा तलाव असेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल तर छातीइतक्या पाण्यात उभे राहणे किंवा सावकाश चालणे हा मला सर्वांत सुखकर वाटलेला उपाय आहे. पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो, म्हणजे पावलांवर सर्वांत जास्त पडतो, आणि ऊतींमधले पाणी पुन्हा रक्तात ढकलले जाते. बाहेर आल्यावर लघवीला बऱ्याचदा जावे लागते ते त्यामुळेच. परिणाम काही तासच टिकतो, पण तेवढे तास पाय आपले वाटतात. गार पाण्यात पाय बुडवणे आणि पावलांकडून गुडघ्याकडे हलक्या हाताने चोळणे यानेही बरे वाटते, त्यापलीकडे त्यांच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. नवीन चपला संध्याकाळी, पाय सुजलेले असताना घ्या. बोटातली अंगठी घट्ट वाटू लागली असेल तर ती आजच काढा. साबण लावून, हात थोडा वेळ उंच धरून निघाली नाही तर कापून घेणे परवडले.

आता ज्या भागासाठी मी मुख्यतः लिहायला बसले तो. सूज किती आहे यावरून धोका कळत नाही. नडगीवर अंगठा दाबल्यावर खळगा पडतो म्हणून काही जणी घाबरतात, पण खळगा तिथे पाणी आहे एवढेच सांगतो, ते का आहे हे सांगत नाही. पाहायचे ते सुजेचे वागणे. ती एक-दोन दिवसांत अचानक वाढली का, चेहऱ्यावर, डोळ्यांभोवती किंवा हातांवर आली का, रात्रीच्या विश्रांतीनंतरही उतरत नाही का? सोबत न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणे किंवा अंधुक दिसणे, बरगड्यांखाली विशेषतः उजवीकडे दुखणे, किंवा उलट्या असतील तर ते प्रीएक्लाम्पसियाचे, म्हणजे वर उल्लेखलेल्या गर्भारपणातल्या रक्तदाबाच्या विकाराचे, लक्षण असू शकते, आणि तेव्हा पुढच्या ठरलेल्या तपासणीची वाट न पाहता त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालयात फोन करून जायचे. हा विकार 20व्या आठवड्यानंतर केव्हाही होऊ शकतो आणि काही वेळा सूज नसतानाही होतो, म्हणून पाय बारीक आहेत या भरवशावर रक्तदाब आणि लघवीची तपासणी कधी चुकवू नये. घरी यंत्र असेल तर पाच मिनिटे शांत बसून, पाठ टेकवून, पावले जमिनीवर आणि दंड हृदयाच्या पातळीवर ठेवून रक्तदाब मोजा. 140/90 किंवा त्याहून अधिक आला तर लगेच कळवा. 160/110 म्हणजे तातडीची वेळ.

दुसरी गोष्ट एकाच पायाची. एक पाय दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे जास्त सुजला, पोटरी किंवा मांडी दुखू लागली, तिथे गरम किंवा लालसर वाटले, तर शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. गर्भारपणात ही गुठळी डाव्या पायात अधिक आढळते. अशा पायाला चोळू नका, तपासून घ्या. अचानक दम लागला, छातीत दुखले किंवा सपाट झोपल्यावर श्वास कोंडू लागला तर रुग्णवाहिका बोलवा. बाळाची हालचाल कमी वाटली तर सूज असो वा नसो, त्याच दिवशी दाखवा.

बाळंतपणानंतर सूज दुसऱ्या दिवशी नाहीशी होईल असे मात्र धरून चालू नका. शिरेतून सलाइन दिले असेल तर पहिले काही दिवस पाय आधीपेक्षाही सुजलेले दिसू शकतात. मग घाम आणि लघवी वाढते आणि साधारण एक-दोन आठवड्यांत ते पूर्ववत होतात. रक्तदाबाचा विकार आणि गुठळी यांचा धोका त्यानंतरही काही आठवडे राहतो, तेव्हा वर सांगितलेल्या खुणा घरातल्या निदान एका माणसाला आत्ताच सांगून ठेवा, कारण त्या दिवसांत स्वतःच्या पायांकडे पाहायला तुम्हाला सवड मिळणार नाही.